रॉटनेस्ट : हरवलेल्या माणसांच्या शोधात सापडलेले बेट

सोमवार

पश्चिम ऑस्ट्रेलियातील पर्थ शहराजवळ, फ्रीमँटल बंदरापासून सुमारे १८ किलोमीटर आत समुद्रात रॉटनेस्ट नावाचे एक चिंचोळे बेट आहे. त्याची लांबी ११ किलोमीटर, रुंदी जास्तीत जास्त साडेचार किलोमीटर आणि क्षेत्रफळ अवघे १९ चौरस किलोमीटर. १९१७ सालापासून ते ‘अ’ वर्गातील राखीव क्षेत्र असून तेथे खासगी मोटारींना आणि पाळीव प्राण्यांना मज्जाव आहे. बहुसंख्य लोक सकाळच्या बोटीने येतात, क्वोका नावाच्या लहानशा प्राण्याबरोबर छायाचित्रे काढतात आणि दुपारनंतरच्या बोटीने परततात. मला मात्र तेथे मुक्काम करायचा होता, आणि त्याचे मूळ कारण क्वोका नव्हे, तर वेंगुर्ले होते.

वेंगुर्ल्याला वलंदेजांची वखार होती, हे तळकोकणात कोणाला सांगावे लागत नाही. डच ईस्ट इंडिया कंपनीने १६३७ च्या सुमारास तेथे बस्तान बसवले आणि शिवकालात तेथील वखारदार दक्षिणेतील घडामोडींची खबर बटाव्हियाला, म्हणजे आजच्या जकार्ताला, नियमाने पाठवत राहिले. त्या वखारीविषयी वाचताना कंपनीच्या जहाजांचे मार्ग नजरेखाली येत गेले आणि त्यांतल्या एका मार्गाने मला या बेटापर्यंत आणून सोडले. हॉलंडहून निघालेली जहाजे आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला पाणी आणि रसद घेत. तेथून आणखी दक्षिणेला उतरले तर पश्चिमेकडून वाहणारे जोरदार वारे जहाज थेट पूर्वेला नेतात, आणि मग उत्तरेला वळले की जावा कितीतरी लवकर गाठता येते, हे हेंड्रिक ब्राउवर याने १६११ मध्ये दाखवून दिले. अडचण होती ती ‘मग उत्तरेला वळले की’ या शब्दांत. अक्षांश सूर्यावरून मोजता येत असे, पण रेखांश अचूक मोजण्याचे साधन त्या काळी समुद्रावर नव्हते, त्यामुळे वळायचे नेमके कोठे हे अंदाजानेच ठरत असे. ज्यांचा अंदाज चुकला त्यांची जहाजे ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावर येऊन थडकली. या किनाऱ्याची सुरुवातीची ओळख युरोपला झाली ती बहुतांशी अशा चुकलेल्या अंदाजांमुळे, आणि रॉटनेस्टची ओळख झाली ती त्या चुकीत नाहीशा झालेल्या माणसांच्या शोधामुळे.

पर्थला राहणारा माझा भाचा सुट्टी काढून बरोबर आला होता. फ्रीमँटलच्या धक्क्यावरून बोट सुटते तेव्हा ती स्वान नदीच्या मुखातून बाहेर पडते. आज येथून अजस्र मालवाहू जहाजे ये-जा करतात, परंतु एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत या मुखाशी चुनखडीच्या खडकाचा आडवा बांध होता आणि मोठे जहाज आत शिरू शकत नसे. सी. वाय. ओकॉनर या अभियंत्याच्या देखरेखीखाली तो सुरुंगांनी फोडण्यात आला आणि १८९७ मध्ये आतले बंदर खुले झाले. ही बाब पुढच्या हकिकतीसाठी लक्षात ठेवण्याजोगी आहे.

ऑक्टोबर महिना असल्यामुळे कुबडे देवमासे उत्तरेच्या उबदार पाण्यातून पिल्ले घेऊन अंटार्क्टिकाकडे परत निघालेले असतात. अर्ध्या वाटेवर बोटीचा वेग मंदावला आणि डावीकडे एक मादी व तिला चिकटून चाललेले पिल्लू दिसले. पिल्लाचा उच्छ्वास आईच्या मागोमाग लगेच उडत असे, तेवढ्यावरून दोघांचे अंतर कळत होते. साधारण अर्ध्या तासाच्या या प्रवासात बेट फार उशिरा दिसू लागते, कारण त्याला उंची अशी नाहीच. आधी दीपगृह दिसते, मग वाळूच्या टेकड्यांची फिकट रेघ, आणि शेवटी थॉमसन बे या उपसागराच्या काठावरची पिवळसर रंगाची बैठी दगडी घरे. ती घरे कोणी बांधली याविषयी गुरुवारच्या नोंदीत लिहीन.

संध्याकाळी वस्तीच्या मागच्या बाजूला झाडाखाली क्वोका बाहेर पडू लागले. हा कांगारूच्या कुळातला, मांजराएवढा, गोल कानांचा आणि आखूड शेपटीचा प्राणी असून वजन अडीच ते पाच किलो भरते. दिवसा सावलीत झोपायचे आणि अंधारात चरायचे, हा त्याचा क्रम. मादीला एका वेळी एकच पिल्लू होते आणि ते सुमारे सहा महिने पोटाच्या पिशवीत राहते. ऑक्टोबरात बरीच पिल्ले नुकती पिशवीबाहेर आलेली असतात आणि थोडासा आवाज झाला की पुन्हा आत डोके खुपसतात. प्रसूतीनंतर लगेच मादी पुन्हा गाभण राहते, पण तो दुसरा गर्भ वाढ थांबवून राहतो आणि पिशवीतले पिल्लू दगावले तरच पुढे वाढू लागतो. उन्हाळ्यात जेथे गोड्या पाण्याचा थेंब मिळणे कठीण, अशा जागी ही तजवीज किती मोलाची आहे हे वेगळे सांगायला नको.

मुख्य भूमीवर कोल्हे पसरल्यानंतर आणि जंगले तुटल्यानंतर क्वोकांची संख्या तेथे फार घटली. कोल्हा या बेटावर कधी पोहोचला नाही, म्हणून येथे ते हजारोंच्या संख्येने आहेत. त्यांना हात लावणे किंवा खायला घालणे कायद्याने मना आहे. सर्वांनीच तो नियम पाळला तर फार बरे होईल. पावाचा तुकडा पुढे करणारे दोघेतिघे आम्हाला पहिल्याच संध्याकाळी दिसले आणि भाच्याने त्यांना शांतपणे पण स्पष्ट शब्दांत थांबवले. क्वोका केवळ गोंडस म्हणून महत्त्वाचा नाही. १९६० च्या दशकात पर्थच्या बायरन काकुलास यांनी दाखवून दिले की, पिंजऱ्यात ठेवलेल्या क्वोकांना होणारा स्नायूंचा आजार ई जीवनसत्त्वाच्या अभावामुळे होतो आणि ते दिल्यावर झिजलेले स्नायू पुन्हा तयार होतात. माणसांच्या स्नायुविकारांच्या अभ्यासाला त्यातून मोठी चालना मिळाली.

मंगळवार

सकाळी भाड्याच्या सायकली घेऊन पश्चिम टोकाकडे निघालो. बेटावरचा डांबरी रस्ता अरुंद आहे आणि अधूनमधून धावणाऱ्या बसखेरीज त्यावर सायकलीच असतात. जाताना अवघड काही वाटत नाही, परंतु दुपारी नैऋत्येकडून ‘फ्रीमँटल डॉक्टर’ म्हणून ओळखला जाणारा समुद्रवारा सुटतो आणि खुल्या उतारांवर सायकल सरळ धरणेही कठीण होते. म्हणून पश्चिमेचा पल्ला सकाळीच गाठावा.

दक्षिण किनाऱ्यावर सॅमन बे ओलांडल्यावर समुद्रात सुटा उभा असलेला एक खडक दिसतो आणि त्याच्या माथ्यावर मत्स्यगरुडाचे काटक्यांचे भले मोठे घरटे. पक्ष्यांच्या कित्येक पिढ्या त्याच घरट्यात भर घालत आल्या आहेत. आम्ही होतो तेवढ्या वेळात एक पक्षी दोनदा मासा घेऊन आला. दोन्ही वेळा मासा पंजात डोके पुढे करून धरलेला, म्हणजे वाऱ्याला अडसर कमीत कमी.

पश्चिमेकडे झाडे संपत जातात. एके काळी या भागातही बाभळीच्या जातीच्या झुडपांचे दाट रान होते. तोड, वणवे आणि विशेषतः १९५५ च्या मोठ्या आगीनंतर उगवणारे कोवळे कोंब क्वोकांनी खाऊन टाकल्यामुळे ते पुन्हा वर आले नाही, आणि आता कमरेइतक्या काटेरी खुरट्या झाडोऱ्याचे राज्य आहे. राखीव क्षेत्रात एका स्थानिक प्राण्यापासून स्थानिक झाडाला वाचवावे लागते, ही गोष्ट मला येथे प्रथमच इतकी स्पष्ट दिसली. गेली अनेक वर्षे कुंपण घालून आत रोपे लावली जात आहेत आणि ती पुरेशी उंच झाली की कुंपण काढून पुढच्या तुकड्याला घातले जाते.

अगदी टोकाला केप फ्लामिंग आहे. लाकडी पायवाटेच्या दोन्ही बाजूंना वाळूत पाचरशेपटीच्या शिअरवॉटर पक्ष्यांची बिळे आहेत. हे समुद्रपक्षी दिवसभर पाण्यावर असतात आणि अंधार पडल्यावर बिळात परततात, म्हणून पायवाट सोडायची नाही. जवळच कॅथीड्रल रॉक्स नावाच्या खडकांशी लांब नाकाचे सील पाण्यात आडवे पडून एक कल्ला वर धरून तरंगत होते. शरीरातली उष्णता कमी-जास्त करण्याची ही त्यांची पद्धत आहे, असे तेथील फलकावर वाचले. हे सील पाहताना मला साम्युएल फोल्करसेनची आठवण झाली, कारण या बेटाविषयी त्याने लिहून ठेवलेल्या चार ओळींत दोन सील आहेत.

फोल्करसेन येथे का आला, ते सांगायला हवे. २८ एप्रिल १६५६ रोजी पहाटे ‘फरगुल्डे ड्राक’ हे कंपनीचे जहाज, रोख रुपे आणि व्यापारी माल घेऊन बटाव्हियाला निघालेले, आजच्या लेज पॉइंट गावाजवळ, म्हणजे पर्थच्या उत्तरेस सुमारे शंभर किलोमीटरवर, खडकांवर आदळून फुटले. जहाजावर १९३ माणसे होती. त्यांपैकी ७५ किनाऱ्याला लागली. सात जण एका उघड्या होडीतून निघाले आणि महिनाभराहून अधिक काळ समुद्रावर काढून बटाव्हियाला पोहोचले. त्यांनी सांगितले की आपली ६८ माणसे मागे किनाऱ्यावर वाट पाहत आहेत. त्यानंतर कंपनीने शोधासाठी जहाजांवर जहाजे धाडली. काहींना वादळाने मागे फिरवले, काहींचे खलाशी शोध घेता घेता स्वतःच हरवले. १६५८ च्या जानेवारीत बटाव्हियाहून ‘वाकेंडे बुई’ आणि ‘एमेलोर्ट’ ही दोन जहाजे निघाली, त्यांतल्या पहिल्याचा कप्तान फोल्करसेन.

किनाऱ्यावर त्याच्या माणसांना फुटक्या जहाजाचे काही अवशेष मिळाले, पण माणूस एकही नाही. याच फेरीत त्याने दक्षिण अक्षांश ३२ अंशांच्या किंचित अलीकडे हे बेट पाहिले. त्याच्या टिपणात उंच डोंगर, काटेरी झुडपे, प्राण्यांच्या लेंड्या, दोन सील आणि जवादी मांजरासारखे पण अधिक तपकिरी केसांचे एक रानमांजर यांचा उल्लेख आहे. ते रानमांजर म्हणजे बहुधा क्वोका. डोंगरांचे म्हणाल तर या बेटावरची सर्वांत उंच टेकडी पन्नास मीटरही भरत नाही. परंतु जहाजाच्या खालच्या तक्त्यावरून, खडकांच्या भीतीने दूर राहून पाहणाऱ्याला पांढऱ्या टेकड्या उंच भासल्या असतील, हे केप फ्लामिंगच्या फेसाळत्या खडकांकडे पाहिले की पटते. बेटाला नाव देण्याचा मान गव्हर्नर जनरलचा, म्हणून त्याने ते बिननावाचे सोडले.

त्याच्याविषयी माझे मत मात्र त्याच फेरीतल्या दुसऱ्या प्रसंगामुळे कलुषित झाले आहे. शोधासाठी होडीतून किनाऱ्यावर पाठवलेला त्याचा सुकाण्या अब्राहम लीमन आणि त्याच्याबरोबरचे खलाशी खराब हवेत अडकले असताना जहाज त्यांना तेथेच टाकून निघून गेले. हरवलेल्यांना शोधायला आलेली माणसे आता स्वतः हरवली. लीमनने सील मारून त्यांचे मांस वाळवले, सीलच्या कातड्यांनी होडीचे काठ उंच केले आणि त्या होडीतून जावा गाठले. वाटेत तहानेने आणि पुढे जावाच्या रानात त्याचे बहुतेक सोबती गेले, पण तो स्वतः वाचला आणि त्याने आपली दैनंदिनी लिहून ठेवली. या किनाऱ्याच्या इतिहासात लीमनचे नाव फोल्करसेनच्या वर असायला हवे, असे मला मनापासून वाटते.

बुधवार

आजचा दिवस उत्तरेकडची किनारपट्टी आणि मधली खारी तळी यांच्यासाठी ठेवला होता. बेटाच्या सुमारे एक दशांश भागावर तळी आहेत आणि त्यांतली कित्येक समुद्राहूनही खारट आहेत. गव्हर्नमेंट हाउस लेकवरून जाणाऱ्या लाकडी पुलावर उभे राहिले की पाण्याच्या कडेला मिठाचा पांढरा थर दिसतो. तांबड्या मानेचे छोटे टिलवे, सैबेरियाकडून नुकतेच आलेले, काठाने लगबगीने चोची मारत होते; रंगीत शेलडक बदकांची एक जोडी पिल्लांची रांग घेऊन पलीकडे चालली होती. या तळ्यांतले मीठ एकोणिसाव्या शतकात गोळा करून मुख्य भूमीला पाठवले जात असे.

तळ्यांच्या वरच्या टेकडीवरून उत्तरेचा समुद्र दिसतो. २९ डिसेंबर १६९६ रोजी विलेम द फ्लामिंगची जहाजे या बेटासमोर आली. ‘खेलफिंक’वर तो स्वतः, ‘नेपटांग’वर खेरिट कोलार्ट आणि लहानग्या ‘वेसेल्त्ये’वर फ्लामिंगचा मुलगा कॉर्नेलिस. फ्लामिंग हा उत्तर समुद्रातल्या फ्लीलांड बेटाचा, देवमाशांच्या शिकारीत मुरलेला दर्यावर्दी. त्याला पाठवण्यामागे अॅम्स्टरडॅमचे नगरप्रमुख आणि कंपनीचे एक संचालक निकोलास विट्सन यांचा आग्रह होता. त्यांना दक्षिणेच्या भूमीविषयी अपार कुतूहल होते. परंतु मोहिमेला मंजुरी मिळाली ती ‘रिडर्सखाप फान होलांड’ या जहाजाच्या निमित्ताने. १६९४ मध्ये आफ्रिकेच्या दक्षिण टोकावरच्या केपहून निघालेले हे जहाज तीनशेहून अधिक माणसांसह बेपत्ता झाले होते. वाटेत फ्लामिंगने हिंदी महासागरातली सेंट पॉल आणि अॅम्स्टरडॅम ही बेटेही त्यासाठी धुंडाळली होती.

बेटावर उतरलेल्या त्याच्या माणसांना किनाऱ्यावर एक फळी मिळाली. खिळे तशीच ठोकलेली, आपल्याच देशाची म्हणून त्यांनी ओळखलेली. शोधाला आलेल्यांना शोधाचा म्हणावा असा एवढाच पुरावा येथे मिळाला, आणि तोही कोणत्या जहाजाचा हे ठरवणे अशक्य होते. पूर्वेला मुख्य भूमीवर जागोजागी धूर वर चढताना त्यांना दिसला, म्हणजे तेथे माणसे होती. बेटावर मात्र कोणी नव्हते. होते ते हजारो क्वोका, ज्यांना फ्लामिंगने मांजराएवढे उंदीर समजून बेटाला उंदरांचे घरटे अशा अर्थाचे डच नाव दिले. त्याच नावाचे रूप म्हणजे आजचे रॉटनेस्ट.

तरीही त्याला हे बेट अतिशय आवडले होते. मनुष्यवस्तीला सुखकर ठरेल असे येथे सर्व काही आहे, अशा आशयाची त्याची नोंद आहे, आणि येथील लाकडाच्या सुगंधाने तो विशेष मोहून गेला होता. ते लाकूड येथील सायप्रस-पाइन झाडाचे असावे. मोहिमेबरोबर फिक्टर फिक्टरसोन हा चित्रकार होता आणि त्याने जलरंगात काढलेली किनाऱ्याची दृश्ये आजही उपलब्ध आहेत.

उत्तरेच्या किनाऱ्यालगत लावलेल्या अशाच पाइन झाडांखाली आम्ही दुपारचे डबे उघडले. गळून पडलेली एक वाळकी डहाळी भाच्याने चुरगाळून माझ्या हाती दिली.

“मावशी, वास घेऊन बघ. चंदन नाही, पण काहीतरी आहे.”

“आहे खरे,” मी म्हटले, “पण यासाठी कोणी अर्धी पृथ्वी ओलांडून आले असते का, ते सांग.”

“ते यासाठी आलेच नव्हते ना,” तो म्हणाला.

ते खरेच होते. कंपनीचा हिशेब रोकडा होता. लाकडाचे नमुने आणि त्यातून काढलेल्या तेलाची बाटली बटाव्हियाहून हॉलंडला गेली, पण तिच्यावरून व्यापार उभा राहण्याजोगा नव्हता. फ्लामिंगने ५ जानेवारी १६९७ रोजी समोरच्या किनाऱ्यावर माणसे उतरवली. नदीच्या मुखाशी खडकांचा बांध असल्यामुळे जहाजे आत नेणे शक्य नव्हते. चालत गेलेल्यांना आत रुंद नदी आढळली आणि नंतर ते होड्यांनी तिच्यात वर गेले. तेथे त्यांनी काळे राजहंस पाहिले. हंस म्हणजे पांढराच, असे युरोपात शतकानुशतके गृहीत धरले जात होते. त्यांनी काही हंस पकडून बटाव्हियापर्यंत नेले, परंतु ते जगले नाहीत. माणसांचे पाऊलठसे, झोपड्या, विझू घातलेल्या आगी त्यांना जागोजागी दिसल्या, पण माणसे समोर आली नाहीत. आठवडाभरातच जहाजे उत्तरेला निघाली. विट्सन पुढे नाराज झाले, कारण मोहिमेने कोठेच पुरेसा वेळ घालवला नाही असे त्यांचे मत झाले. या बेटावर थोडे दिवस पायी फिरल्यावर मलाही त्यांची तक्रार रास्त वाटते.

गुरुवार

वाजेमप टेकडीवरच्या दीपगृहाकडे सकाळी चढून गेलो. येथे पहिले दीपगृह १८४९ मध्ये उभे राहिले; आजचा ३८ मीटरहून उंच मनोरा १८९६ चा. वरून पूर्वेला मुख्य भूमी, पर्थच्या इमारती आणि मधली सपाट खाडी एका नजरेत येते. हे पाणी उथळ आहे. हिमयुग संपून समुद्राची पातळी चढत गेली आणि सुमारे सात हजार वर्षांपूर्वी ही टेकडी मुख्य भूमीपासून तुटली. त्यापूर्वी या प्रदेशातले मूळनिवासी नूंगार लोक येथवर चालत येत. त्यांची दगडी हत्यारे बेटावर सापडली आहेत. हे बेट त्यांच्यासाठी वाजेमप आहे, मृतांचे आत्मे जेथे जातात त्या पैलतीराचे ठिकाण. ही बेटे पूर्वी जमिनीला जोडलेली होती, मधल्या भागात दाट झाडी होती आणि मग समुद्र आत घुसला, ही त्यांची परंपरागत आठवण एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वसाहतीतल्या एका इंग्रज अधिकाऱ्याने लिहून ठेवली. म्हणजे रॉटनेस्टचा सर्वांत जुना वृत्तांत फोल्करसेनचा नसून नूंगारांचा आहे, आणि भूगर्भशास्त्राने तो मुख्य मुद्द्यावर खरा ठरवला आहे.

१८२९ मध्ये स्वान नदीकाठी ब्रिटिश वसाहत स्थापन झाली आणि १८३८ मध्ये या बेटावर मूळनिवासी पुरुषांचा तुरुंग सुरू झाला. १८४९ ते १८५५ हा खंड सोडला तर तो पुढे दीर्घकाळ चालला. १९०४ मध्ये तो बंद झाल्याचे अधिकृतपणे जाहीर झाल्यानंतरही १९३१ पर्यंत मूळनिवासी कैद्यांकडून येथे सक्तीने काम करून घेतले जात होते. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या कानाकोपऱ्यातून, किंबर्लीसारख्या हजारो किलोमीटर दूरच्या प्रदेशातूनही, सुमारे चार हजार पुरुष आणि मुलगे गळ्यात साखळ्या घालून येथे आणले गेले. कित्येकांचा गुन्हा होता स्वतःच्याच भूमीवर मेंढी मारून खाण्याचा. थॉमसन बेची ती पिवळसर घरे, किनाऱ्याचा बंधारा, पहिले दीपगृह आणि मिठाचे कोठार त्यांनीच बांधले. १८६४ च्या सुमाराचा अष्टकोनी तुरुंग, ज्याला येथे ‘क्वॉड’ म्हणतात, अजून उभा आहे. त्याच्या एकेका खोलीत अनेक माणसे कोंबली जात. गोवर आणि इन्फ्लुएंझाच्या साथींनी त्यांत माणसे पटापट मेली. विसाव्या शतकात याच खोल्या पर्यटकांच्या मुक्कामासाठी वापरल्या गेल्या आणि हा वापर २०१८ मध्ये थांबला.

किमान ३७३ कैदी या बेटावर मरण पावले. त्यांतील बहुतेकांचे दफन वस्तीच्या उत्तरेला, झाडांखालच्या एका सपाट जागेत झाले. कबरींवर खूण नव्हती. त्या जागेचा मोठा भाग दीर्घकाळ तंबूंच्या तळासाठी वापरात होता. खोदकामात अस्थी हाती लागल्या, नूंगार वडीलधाऱ्यांनी आवाज उठवला, रडारने जमीन तपासली गेली आणि मगच तंबू हलवण्यात आले. आता तेथे साधे कुंपण, फलक आणि येणाऱ्यांनी शांतता पाळावी अशी विनंती आहे. आम्ही पादत्राणे काढून कुंपणाबाहेर उभे राहिलो. तशी कोणी अपेक्षा करत नाही, पण आपल्याकडच्या सवयीने ते झाले. आपल्या शंभर-दोनशे माणसांसाठी अर्धा समुद्र धुंडाळणाऱ्यांच्या कहाण्या या बेटाच्या प्रत्येक पुस्तिकेत आहेत. या ३७३ जणांचा शोध घ्यायला मात्र कोणत्याही कंपनीने जहाज पाठवले नाही, आणि ते हरवले होते असे कोणी लिहिलेही नाही. प्राणी, पक्षी आणि निळे पाणी यांच्यासाठी येथे येणाऱ्या प्रत्येकाने अर्धा तास तरी या जागेसाठी राखून ठेवावा, असे मी आग्रहाने सांगेन. दुपारच्या बोटीने परतलो.

शुक्रवार

फ्रीमँटलच्या जहाजभंग संग्रहालयात सकाळ घालवली. चुनखडीच्या जुन्या इमारतीत १६२९ मध्ये आब्रोल्होस बेटांशी फुटलेल्या ‘बटाव्हिया’ नावाच्या जहाजाच्या सांगाड्याचा मोठा भाग उभा केला आहे, आणि तो पाहायलाच गर्दी असते. मला पाहायची होती ती कथील-शिशाच्या मिश्रधातूची एक चेपलेली ताटली.

डच कप्तान डिर्क हार्तोख २५ ऑक्टोबर १६१६ रोजी उत्तरेकडच्या एका बेटावर उतरला आणि जाताना खांबाला कोरीव अक्षरांची ताटली ठोकून गेला. ऐंशी वर्षांनी, ४ फेब्रुवारी १६९७ रोजी, फ्लामिंगच्या माणसांना ती वाळूत पडलेली मिळाली. त्याने जुनी ताटली उचलून हॉलंडला पोहोचवली आणि तिच्या जागी नवी ठोकली. नव्या ताटलीवर आधी हार्तोखचा मजकूर जसाच्या तसा उतरवला आणि मग खाली आपला. हार्तोखची ताटली आता अॅम्स्टरडॅमला आहे. फ्लामिंगची १८०१ मध्ये फ्रेंच मोहिमेतल्या ‘नातुरालिस्त’ जहाजाच्या खलाशांना सापडली. याच जहाजाच्या लोकांनी त्या वर्षी रॉटनेस्टची आणि स्वान नदीची पाहणी केली होती. कप्तान आमलँ याने ती पुन्हा खांबावर लावायला लावली, परंतु त्याच्या हाताखालचा तरुण अधिकारी फ्रेसिने याला ते पटले नव्हते. १८१८ मध्ये स्वतः कप्तान होऊन आल्यावर त्याने ती काढून पॅरिसला नेली. तेथे ती दीर्घकाळ गहाळ झाली, १९४० मध्ये सापडली आणि १९४७ मध्ये फ्रान्सने ती ऑस्ट्रेलियाला भेट दिली.

काचेजवळ उभे राहून आम्ही नावे वाचली: हार्तोख आणि त्याच्या जहाजावरचे व्यापारी व सुकाण्या, मग फ्लामिंग, कोलार्ट, कॉर्नेलिस आणि इतर. शेजारच्या दालनात ‘फरगुल्डे ड्राक’ची चांदीची नाणी, मातीच्या दाढीवाल्या सुरया आणि विटा आहेत. त्या जहाजाचे अवशेष १९६३ मध्ये भाल्याने मासे मारणाऱ्या पाणबुड्यांना मिळाले. लेज पॉइंटच्या किनाऱ्यावर मागे राहिलेल्या ६८ जणांचा तळ अजून सापडलेला नाही, आणि ‘रिडर्सखाप’ची तर फळीही निश्चितपणे ओळखता आलेली नाही. भाच्याने लेज पॉइंटचे अंतर काढून ठेवले आहे. गाडीने दीड तासाची वाट आहे.